डोणगाव ते रोहिणखेड, आबा मागच्या सीटवर

जर्मनीत मोटरसायकलचं लायसन काढायला मला अकरा महिने लागले. वय चाळिशीच्या पलीकडे, दवाखान्यात नर्सची ड्युटी, आणि शिकवणारा माणूस असा खडूस, की चौकात मान नीट वळवली नाही म्हणून गाडी कडेला घ्यायला लावून दहा मिनिटं भाषण द्यायचा. पण पास झाले. गेली सहा वर्षं ऊन असो की पाऊस, मी ड्युटीला मोटरसायकलनंच जाते. आजवर एक ओरखडा नाही, एक दंड नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी पुरती शोभा झालेली आहे.

बुलडाणा जिल्ह्यात बाहेरचे लोक येतात ते लोणारचं सरोवर पाहायला. पाहतात, फोटो काढतात, परत जातात. डोणगावहून रोहिणखेडला मोटरसायकलवर सहलीला कोणी जात नाही, आणि जावं असं मी कोणाला सुचवणारही नाही. मी गेले फेब्रुवारीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यावर आलेला होता, पळस फुलायला लागलेला होता, हवा मोठी सुरेख होती. त्यातलं निम्मं मी पाहिलंच नाही, कारण दोन दिवस माझे डोळे समोरच्या वाहनाला चिकटलेले होते.

डोणगाव

आमचं घर डोणगावात, मेहकर तालुक्यात. आबा, म्हणजे माझे वडील, एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली. मध्यंतरी त्यांच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू झाला आणि कळेपर्यंत उशीर झाला. आता त्या डोळ्याला उजेड आणि अंधार यापलीकडे काही समजत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं. आबांनी मान डोलावली आणि दवाखान्यातून घरी आले ते स्वतःच मोटरसायकल चालवत.

दिवाळीच्या आसपास त्यांनी डाव्या बाजूनं एका हातगाडीला घासलं. पेरू रस्ताभर झाले. हातगाडीवाल्याला लागलं नाही, पण तेव्हापासून मायचं फोनवर एकच पालुपद सुरू झालं. "ह्याइच्या हातून कोनाचं लेकरू जाईन एखाद्या दिवशी. तू ये आन् गाडी सोडव. माह्यं तं ऐकूनच नाही राह्यले." मी अपघाताच्या वॉर्डात काम करते. मायला काय दिसत होतं ते मला तिच्यापेक्षा जास्त नीट दिसत होतं. रजा टाकली आणि आले.

पहिल्याच संध्याकाळी जेवताना विषय काढला. आबा शांतपणे भाकर मोडत राहिले.

"तुले येते गाडी?" त्यांनी विचारलं.

"सहा वर्सं झाले आबा."

"तिकडच्या रस्त्यावर तं कोनीबी चालवीन." मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि आपली अट सांगितली. "रहीमभाईकडं जाऊन येऊ, रोहिणखेडले. दोन दिवस. तू चालव, मी मागं बसतो. घरी येईपर्यंत हँडल माह्या हातात नाही आलं, तं मी गाडी सोडली. आलं, तं मंग मले कोनं टोकायचं नाही. तू नाही, तुह्या मायनं नाही, डाक्टरनं नाही."

रहीमभाई म्हणजे आबांचे कंडक्टर. अकरा वर्षं दोघं एकाच गाडीवर होते.

मी काही बोलायच्या आत माय चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली, "शर्त कबूल हाय." माझ्यावर तिचा एवढा विश्वास आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दोन दिवस गावात सराव केला. आबांची गाडी जुनी, शंभर सीसीची. माझ्या तिकडच्या गाडीला पहिला गिअर खाली आणि बाकीचे पायानं वर उचलून. आबांच्या गाडीला सगळेच खाली दाबायचे. मी सवयीनं पाय वर उचलायची आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी हिसका देऊन मागं ओढायची. त्यात तिकडं रस्ता उजवीकडून, इकडं डावीकडून. मी इथं जन्मलेली, सायकल इथं शिकलेली, हे सगळं मला पाठ असायला हवं होतं. पण मोटरसायकल मी इथं कधी चालवलीच नव्हती. आमच्या वेळी गावातल्या मुली मोटरसायकलवर एका बाजूला पाय सोडून मागं बसायच्या, बस. म्हणजे डोकं डोणगावचं होतं आणि हातपाय जर्मनीचे. पेट्रोल भरून बाहेर पडले तेव्हा पन्नास पावलं खुशाल उजव्या बाजूनं गेले. समोरून येणारा दूधवाला थांबला, त्यानं कॅन सांभाळले आणि नुसतं पाहत राहिला. आबा पंपासमोरच्या चहावाल्याच्या ओट्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी ते पाहिलं आणि पेला खाली ठेवला.

मेहकर

सकाळी साडेसातला निघालो. आबांना हेल्मेट घालायला लावायचं म्हणजे दुसरी एक शर्तच होती, ती मी जिंकले.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर पाच मिनिटांत पहिलं भांडण झालं. बाजू बदलायच्या आधी मान मागं वळवून पाहायची, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय, की घरात खोलीतून बाहेर पडतानाही कधीकधी मान वळते.

"सारखं मांगं काय पाह्यतं?" आबा हेल्मेटजवळ तोंड आणून म्हणाले.

"मागून कोनी आलं तं?"

"मागच्याचं मागचा पाहीन. तू पुढचं पाह्य."

या एका वाक्यात आपल्याकडचा सगळा वाहतुकीचा कायदा आहे. आपल्या समोर जे आहे ते आपलं, मागं जे आहे ते त्याचं. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस हाच कायदा पाळतो, म्हणून सगळं चालतं. ज्यानं तो पाळला नाही तो सगळ्यांना अडचणीत आणतो. त्या दिवशी न पाळणारी मी एकटीच होते.

पुढं एक ट्रक लागला. मागच्या फळकुटावर रंगानं "हॉर्न द्या" लिहिलेलं. मी तिकडच्या शिस्तीनं मागं राहिले. तिकडं हॉर्न म्हणजे जवळपास शिवी. सहा वर्षांत मी दोनदा वाजवला असेन, आणि त्यातला एकदा चुकून. ट्रक रस्त्याच्या मधोमध चाललेला. दहा मिनिटं मी त्याचा धूर खाल्ला.

"वाजव ना," आबा म्हणाले.

"त्याच्या आरशात दिसून राह्यली असन ना मी."

"तो आरशानं नाही चालवत बाई, कानानं चालवते."

वाजवला. ट्रक लगेच, अगदी सौजन्यानं, डावीकडं सरकला. ड्रायव्हरचा हात खिडकीतून बाहेर आला आणि पुढं या, पुढं या असा हलला. मी पुढं निघाले आणि ऐन ट्रकच्या बरोबरीला आल्यावर सवयीनं गिअर वर उचलला. गाडीनं आचका दिला. समोरून जीप येत होती. आबांचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि तिथंच राहिला. मी पाय खाली दाबला, गाडीनं उचल घेतली, जीप आमच्या बाजूनं गेली. किती अंतरानं गेली ते मी पाहिलं नाही. आबांचा हात मेहकर येईपर्यंत खांद्यावरच होता.

मेहकरात बाजार भरलेला होता. एक म्हातारी रस्ता ओलांडायला उभी होती, डोक्यावर टोपलं, त्यात सांबाराच्या जुड्या. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर, पुण्याच्या मैत्रिणींना हे दरवेळी समजावून सांगावं लागतं. तिकडं पायी चालणारा माणूस कडेला दिसला, की थांबणं हा माझा धर्म. मी थांबले. म्हातारीनं माझ्याकडं संशयानं पाहिलं. मी हातानं जा म्हणून सांगितलं. ती एक पाऊल मागं सरकली. मागून तीन हॉर्न सुरू झाले, एक मोटरसायकल माझ्या उजव्या आरशाला घासून गेली.

"काऊन थांबली वं?" म्हातारी म्हणाली. "जाय ना. तू गेली का मंग मी जाईन."

"तुम्ही जा ना मावशी."

"मले काय घाई हाय?"

मी गेले. आरशात पाहिलं तर म्हातारी लगेच रस्त्यात उतरली होती. वाहनं तिच्या पुढून मागून वाहत होती, आणि ती चाल न बदलता पलीकडं पोचली. आबा मागं हसत असल्याचं मला पाठीला जाणवलं. दिवसभरातलं त्यांचं ते पहिलं हसू होतं. मला त्याचा राग आला, आणि बरंही वाटलं.

चिखली, बुलडाणा आणि घाट

चिखलीला थांबून आलूबोंडा खाल्ला. तिखट इतकं, की माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. आबांनी वर आणखी दोन हिरव्या मिरच्या मागून घेतल्या. त्यांना विचारलं, मी कशी चालवते.

"गाडी चांगली चालवतं," ते म्हणाले. "रस्ता नाही चालवता येत."

मी विचारात पडले. तिकडं मला गाडी चालवायला शिकवलं, कारण रस्ता आधीच ठरलेला असतो. उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट, बाण असेल तसं वळा, पट्टी असेल तिथं थांबा. इथं रस्ता दर क्षणाला ठरतो, आणि तो सगळ्यांनी मिळून ठरवायचा असतो. हॉर्ननं, हातानं, नुसत्या नजरेनं. इंडिकेटर लागलेला आहे याचा अर्थ एवढाच, की इंडिकेटर लागलेला आहे. चिखलीच्या बाहेर एक ट्रॅक्टर उजवा इंडिकेटर देत आमच्या पुढं सात-आठ किलोमीटर गेला आणि शेवटी डावीकडं शेतात वळला. आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, हा डावीकडं जाईन. कशावरून, तर ड्रायव्हरनं दोनदा डावीकडच्या शेताकडं पाहिलं होतं आणि बिडी फेकून दिली होती.

बुलडाण्याहून मोताळ्याकडं उतरताना राजूरचा घाट आहे. खूप मोठा नाही, पण वळणं जवळजवळ आहेत. वळणाआधी हॉर्न, वळणात हॉर्न, हे तोवर जमायला लागलं होतं. तरी एका वळणावर समोरून बस आली आणि माझा हात आपसूक गाडी उजव्या कडेला न्यायला लागला. जीव वाचवायचा म्हटल्यावर अंगाला जी बाजू ठाऊक, तिकडंच अंग धावतं. बससमोर ती बाजू म्हणजे मरण होतं. मी स्वतःला मोठ्यानं "डावी, डावी, डावी" असं म्हणत उतरले. खाली पोचलो तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

रोहिणखेड

रोहिणखेडला जुनी मशीद आहे, काळ्या दगडाची. रहीमभाईंचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. ते दारातच खुर्ची टाकून बसले होते. आबा उतरले आणि दोघं बराच वेळ एकमेकांचे हात धरून उभे राहिले.

"तू मागं बसून आला?" रहीमभाईंनी पहिला प्रश्न विचारला.

"शर्त हाय," आबा म्हणाले.

रहीमभाईंच्या घरी दालचा आणि भात होता. चिंचेची आंबट डाळ, त्यात मटण आणि दुधी. मी तिकडं दर रविवारी एकटीच जेवते. इथं मला तीनदा वाढलं आणि चौथ्यांदा नाही म्हटल्यावर भाभी रुसल्या. रहीमभाईंचे गुडघे गेलेत, ते काठीशिवाय उठत नाहीत. आबा हात धुवायला मागं गेले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बेटी, ये शर्त तू जीतजो," ते हळूच म्हणाले. "मागच्या खेपेला हा एकटाच आला होता गाडीवर. ह्या दरवाज्यासमोर उभा, आणि मी ह्याच्या डावीकडून हाक मारून राह्यलो. हा सारा रस्ता पाह्यते, मीच दिसत नाही. मी त्याले बोललो नाही. कसं बोलू? अकरा वर्सं मी त्याच्या भरोशावर डोळे मिटून झोपलो गाडीत."

त्यांचे डोळे भरून आले. मी म्हणाले, जिंकीन चाचा. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

परतीचा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मोताळा मागं टाकलं तोवर मी जवळजवळ खुशीत होते. हॉर्न वेळेवर वाजत होता, गिअर चुकत नव्हता, आबांचा हात खांद्यावरून निघून त्यांच्या मांडीवर गेला होता. दोन दिवसांतली निम्म्याहून जास्त वाट सरली, आता फक्त घाट चढायचा आणि सरळ घरी, असा हिशोब मनात सुरू होता. माणसाला शहाणपण आलंय असं वाटलं, की समजावं, आता पडणार.

घाटाच्या अलीकडं रस्त्याच्या उजव्या बाजूला चहाची टपरी दिसली. आबा म्हणाले, "घे तिकडं, चहा पिऊ." मी इंडिकेटर दिला, वेग कमी केला, मान वळवून मागं पाहिलं, कोणी नव्हतं. समोरून भाजीचा पिकअप येत होता, बऱ्यापैकी लांब. मी रस्त्याच्या मध्याशी थांबले. तो जाईल, मग वळू, असा विचार केला.

त्यानं लाइट दिली. दोनदा, लख्ख.

तिकडं समोरच्यानं लाइट दिली म्हणजे त्याचा अर्थ असतो, मी थांबतो, तुम्ही जा. रोज सकाळी दवाखान्याच्या वळणावर मला कोणीतरी अशी लाइट देतं, मी हात वर करून त्याचे आभार मानते आणि वळते. सहा वर्षं, रोज. मी हात वर केला. खरोखर केला. त्या पिकअपवाल्याचे मी आभार मानले आणि त्याच्या पुढ्यात गाडी घातली.

हॉर्न सुरू झाला तो थांबेना. आबांनी पाठीत जोरात थाप मारली, "दाब, दाब." पुढं निघून गेले असते तर निभावलं असतं. पण मला शिकवलेलं होतं, शंका आली की ब्रेक. मी ब्रेक दाबला. गाडी रस्त्यावर आडवी उभी राहिली. पिकअप समोर एवढा मोठा झाला, की त्याच्या काचेवर आतून लावलेली लिंबं मोजता आली असती. मग तो कडेच्या मातीत उतरला, आमच्या पुढच्या चाकासमोरून गेला, धुळीचा लोट उठला, आणि माझी गाडी हळूच, दमल्यासारखी, उजव्या कुशीवर कलंडली.

मला गुडघ्याला खरचटलं. आबा आधीच पाय टेकून उभे राहिले होते. मी पहिल्यांदा त्यांच्या अंगावरून हात फिरवला, खांदे, बरगड्या, कंबर, जसं वॉर्डात करते तसं. ते म्हणाले, "काही नाही झालं. गाडी उचल."

पिकअपवाला पुढं थांबून चालत परत आला. तिशीचा असेल. शिव्या द्यायलाच आला होता, पण आबांचं वय पाहून त्यानं त्या गिळल्या.

"काका, म्या लाइट देली होती ना," तो म्हणाला.

"हो. तिले वाटलं, तू जाय म्हणून राह्यला."

"लाइट देऊन जाय कोन म्हनते?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला खरंच उत्तर हवं होतं. "लाइट देली म्हंजे मी येऊन राह्यलो. थांब."

मी सांगितलं, जिथं मी राहते तिथं लाइट म्हणजे तुम्ही आधी जा. "मंग तं तिकडं मी रोज कोनाले तरी मारीन," असं म्हणून तो गाडीकडं गेला. दोन गोण्या सुटून वांगी रस्त्यावर आली होती. मी आणि आबांनी ती त्याला वेचून दिली.

टपरीत बसलो. चहा आला, पण मला पेला धरता येईना. बशीत अर्धा सांडला. मी किती जणांचे कापणारे हात धरलेत नोकरीत. स्वतःचे कापायला लागले, की काय करायचं ते काही सुचलं नाही. समोर घाट होता. वळणं, बस, ट्रक, आणि माझ्या मागं एकाहत्तर वर्षांचा माझा बाप. मी आत्ता त्यांना मारलं असतं. मायला वाटत होतं, त्यांच्या हातून कोणाचं तरी लेकरू जाईल, आणि इथं तिच्या लेकराच्या हातून तेच जात होते.

"चावी दे," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या आवाजात जिंकल्याची खुशी नव्हती. ते नुसते बाप होते, पोर घाबरली होती.

नाही म्हणायला हवं होतं. मायसाठी, रहीमभाईंसाठी, त्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसांसाठी. टपरीवर तासभर बसायचं, हात थांबू द्यायचे, गाडी तिथंच ठेवून बसनं जायचं. हे सगळे उपाय मला आत्ता लिहिताना सुचतात. तेव्हा मी चावी दिली. याची लाज मला अजून वाटते.

आबांनी किक मारली. मी मागं बसले आणि घाट सुरू झाला.

एक गोष्ट कबूल करायला हवी. आबा सुंदर चालवतात. वळणाआधी त्यांचा हॉर्न लांब, वळणात आखूड. उतरणाऱ्या ट्रकला ते नजरेनंच सांगत, आणि ट्रक ऐकत. एका ठिकाणी दोन गाड्या समोरासमोर अडल्या होत्या. आबांनी हात दाखवून एकीला मागं घ्यायला लावलं, आणि तो अनोळखी ड्रायव्हर निमूट मागं गेला. माझे हात कापायचे थांबले. लहानपणी मी कधीकधी त्यांच्या गाडीत पुढं बसून जायची, अगदी तशी निर्धास्त झाले. वाटलं, आपण उगाच ह्या माणसाच्या मागं लागलोय.

वरच्या बाजूनं बस आली आणि लाइट दिली. आबांनी ती बरोबर वाचली आणि गाडी डावीकडं घेतली, आणखी डावीकडं, अगदी कडेला. मी सवयीनं डाव्या खांद्यावरून पाहिलं. आमच्या बाजूनं, कडेच्या गवतातून, बाया चालल्या होत्या. डोक्यावर चाऱ्याचे भारे, एकीमागं एक. आबा सरळ त्यांच्यात चालले होते. हॉर्न नाही, ब्रेक नाही, मान ताठ, नजर बसवर.

"आबा, डावीकडं बाया."

मी ओरडले नाही. कसं कोण जाणे, वॉर्डातला आवाज निघाला, शांत आणि कडक. आबांनी ब्रेक दाबला, हँडल सरळ केलं. बस आमच्या उजव्या हाताला वारा देत गेली. डावीकडून चाऱ्याचा भारा माझ्या बाहीला घासला. शेवटची बाई पोक्त होती. भारा सावरत ती थांबली.

"अवो दाजी, एवढ्या बाया दिसल्या नाही का?"

बाया वर चढत गेल्या. थोडं पुढं कठड्यापाशी रुंद जागा होती, तिथं आबांनी गाडी लावली. उतरले. हेल्मेट काढून कठड्यावर ठेवलं. खाली राजूरकडची शेतं दिसत होती, हिरवी-पिवळी. आबा तिकडं पाहत उभे राहिले, आणि मी त्यांच्याकडं.

"किती होत्या?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"मले एकबी नाही दिसली. भारा बी नाही दिसला. एवढा मोठा भारा."

बोलण्यासारखं खूप होतं, चार महिने साठवलेलं. काचबिंदू म्हणजे काय, नजरेची बाजू कशी जाते, मेंदू रिकामी जागा कशी भरून दाखवतो, सगळं मी पाठ करून आले होते.

"शर्त मी जिंकली," आबा म्हणाले.

"हो."

"म्हंजे आता मले कोनं टोकायचं नाही."

"नाही टोकनार."

"तुह्या मायनंबी नाही."

"मी सांगीन तिले."

त्यांनी मान हलवली. मग गाडीपाशी आले, हँडलवर एकदा हात ठेवला, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "तं मंग आता घरापासी सांगजो, आबा शर्त जिंकले आन् त्याइनं गाडी सोडली. त्याइले सोडाले लावली नाही कोनी."

मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. आबांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि रस्त्याकडं पाहत राहिले, मला पुरेसा वेळ मिळेपर्यंत.

"मले भेव वाटते आबा," मी म्हणाले. "पुन्हा काही चुकीचं वाचलं तं?"

"तू पाह्यजो. मी वाचतो." ते मागच्या सीटवर चढले. बसल्यावर त्यांनी पाय नीट टेकवले, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. "ट्रक चालला खाली. येऊ दे. त्यानं लाइट देली, म्हंजे तो थांबनार नाही. जाऊ दे त्याले. त्याच्या मागं कार हाय, ते पोरगं फोनवर बोलून राह्यलं, जाऊ दे त्यालेबी. तुह्याकडून डावीकडं पाह्य."

"डावीकडं कोनी नाही."

"मागं?"

मी चमकून आरशात पाहिलं, मग मान वळवून पाहिलं. "मागंबी कोनी नाही."

रस्ता रिकामा झाला. तरी माझा हात क्लचवर आवळून राहिला होता. एक क्षण गेला, दोन गेले. मग माझ्या हेल्मेटवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक झाली. कंडक्टरची डबल बेल, गाडी सोडा म्हणून. एकतीस वर्षं आबांनी ती ऐकली होती, दिली कधीच नव्हती.

मी गाडी सोडली.